दशांश चिन्हानंतर

मॅडम आमदार झाल्या त्या रात्री
कॉलेजच्या फाटकाशी फटाके फुटत होते
आणि एक वार्ताहर मला विचारत होता,
"पुढारीपण लहानपणापासूनच होतं का त्यांच्यात?"
मी सिकंदर तडवी, भूगोल विभागाचा शिपाई, रिटायर.
मला काय ठाऊक लहानपण.
मला दोर ठाऊक.

तरी ऐकलेलं सांगतो.
निंभोरा स्टेशनात केळीच्या वॅगनी भरायच्या तेव्हा
त्यांचे वडील झिपरूअण्णा काट्यावर असत.
घड टांगला की काटा थरथरायचा,
थांबेपर्यंत अण्णा तोंड उघडत नसत.
व्यापारी म्हणायचा, धरा ना अठरा.
अण्णा म्हणायचे, पावणेअठरा.
पोरगी केळीच्या पानांच्या ढिगावर बसून
वहीत लिहायची: पावणेअठरा.
चौथीत तिनं मास्तरांना विचारलं म्हणे,
नकाशात तापी इतकी निळी कशी,
आपली तर मातकट आहे.
मास्तरांनी तिला पट्टी मारली नाही.
खिडकीतून बघत राहिले जरा वेळ.

मग पुण्याला एम.ए., आणि परत इथं,
तासिका तत्त्वावर, तासाला बारा रुपये.
मुलाखतीत चेअरमन हसले होते:
बाईमाणूस, आणि विहिरी मोजणार?
मी तेव्हा चहा घेऊन आत गेलो होतो.
मॅडमनी फक्त विचारलं, दोर कॉलेज देईल की मी आणू?

दोर त्यांनीच आणला.
मीटरमीटरला गाठ, अर्ध्यावर लाल चिंधी,
टोकाला अण्णांच्या काट्यातलं दोन किलोचं वजन.
यावल-रावेरच्या एकशे सत्तावन्न विहिरी,
चार वर्षं, मे महिना आणि ऑक्टोबर.
मी सोडायचो, त्या लिहायच्या.
"बारा," मी म्हणायचो.
"बारा पूर्णांक?"
"बाराच की मॅडम, चार बोटं इकडंतिकडं."
"चार बोटं कुणाची, सिकंदरभाऊ? तुमची का माझी?"
दुपारी निंबाखाली कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा,
डब्याच्या झाकणावर वही उघडी,
कारण हात धुवायच्या आत आकडा विसरतो म्हणे माणूस.

पुण्याच्या गाईडनी तिसरं प्रकरण
दोन वर्षांनी परत पाठवलं.
त्यावर चहाच्या कपाचा गोल डाग होता.
दुसरी दुरुस्ती नव्हती.

आता खरं सांगायचं ते.
डॉक्टर झाल्यावर एका गावच्या ग्रामसभेत
त्यांना बोलावलं, नव्या बोअरचा तंटा होता.
मॅडमनी आकडे वाचले. तक्ता भिंतीला लावला.
लोक बिड्या ओढत राहिले,
सरपंच घड्याळ बघत होते.
तेव्हा मागून एक म्हातारी उठली,
"माय, आकडे नको सांगू.
माह्या पोहऱ्याले दोर पुरत नही, तेवढं सांग."
मॅडम थांबल्या.
कागद घडी करून पर्समध्ये टाकला
आणि मोठ्यानं, अगदी तिच्याच बोलीत म्हणाल्या,
पोहऱ्याले दोर पुरत नही!
बिड्या विझल्या, खरंच.
परत येताना एसटीत त्या बोलल्या नाहीत.
सावद्याला उतरताना एवढंच म्हणाल्या,
"त्या बाईचं नाव विचारायचं राहिलं."

यंदा प्रचाराची सभा रावेरच्या बाजारात,
माईक, हार, झेंडे, मी मागे टपरीपाशी.
"पाणी तीस मीटर खाली गेलं!" मॅडम कडाडल्या.
माझे ओठ आपोआप हलले:
सत्तावीस पूर्णांक चार.
त्यांना दिसलं असेल का, एवढ्या गर्दीत?
क्षणभर त्यांचा अंगठा
दुसऱ्या हाताच्या बोटांवरून सरकला,
गाठ चाचपावी तसा.
मग टाळ्या आल्या.

दोर अजून विभागाच्या लोखंडी कपाटात आहे,
वजन कुणीतरी रद्दीवर ठेवलंय.
एवढं सगळं मी वार्ताहराला सांगितलं.
त्यानं लिहिलं, जवळपास दीडशे विहिरी.
मी म्हटलं, एकशे सत्तावन्न.
तो म्हणाला, तेच ते, चाचा.